कीर्द, खतावणी आणि चौकीदाराची वही



शिक्षकाच्या पेशांत मीं जीं वर्षें घालविलीं, त्यांतील एक अपराध प्रथम कबूल करतों आणि मग आजच्या विषयाकडे वळतों. नोकरीच्या पहिल्याच वर्षीं, उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीं, मुख्याध्यापकांनीं मला कार्यालयांतील कपाट मोकळें करावयास सांगितलें. कपाट इतकें भरलें होतें कीं, नवे हजेरीपट ठेवावयास जागा उरली नव्हती. जुन्या कागदांचे गठ्ठे सारख्याच लाल फडक्यांत बांधलेले होते आणि प्रत्येकावर "जुनें दप्तर" एवढेंच लिहिलेलें होतें. मीं वरचे दोन गठ्ठे सोडून पाहिले. दोहोंतही किरकोळ पावत्या, रजेचे अर्ज आणि मुदत संपलेले हजेरीपट निघाले. उरलेले गठ्ठेही तसेच असावेत अशा समजुतीनें मीं ते न सोडतां रद्दीवाल्याच्या तराजूंत टाकले. कपाट मोकळें झालें, मुख्याध्यापक संतुष्ट झाले. पुढें श्रावणांत एक मध्यम वयाचे गृहस्थ जन्मतारखेचा दाखला मागावयास आले, तेव्हां उमगलें कीं, त्यांपैकीं एका गठ्ठ्यांत शाळेचें जुनें जनरल रजिस्टर होतें. हजेरीपट कांहीं वर्षांनीं टाकतां येतो. जनरल रजिस्टर शाळा आहे तोंपर्यंत टाकावयाचें नसतें. त्या गृहस्थांना दाखला मिळाला नाहीं. त्यांचा उतरलेला चेहरा मला आजही दिसतो.

हा जुना प्रसंग पुन्हां मनांत येण्यास कारण झाली माझी धाकटी मुलगी. ती एका कार्यालयांत संगणकावरील दप्तराची देखभाल करते. ज्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात त्याची ती राखणदार. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं आम्ही जेवावयास बसलों असतां तिचा फोन वाजला. सर्व्हरची तबकडी, म्हणजे ज्या भांडारांत सारें दप्तर सांठविलेलें असतें तें भांडार, शेंकडा चौऱ्याण्णव भरलें होतें आणि आणखी भरत होतें. ती पानावरून तशीच उठली. मीं माझ्या परीनें सल्ला दिला, "जुनें कांहींतरी टाकून दे, म्हणजे जागा होईल." ती म्हणाली, "बाबा, काय टाकायचं तेंच तर आधीं पाहायला हवं." मला एकदम तीं लाल फडकीं आठवलीं. त्या रात्रीं तिनें काय केलें तें मी अखेरीस सांगेन. तत्पूर्वीं, संगणकाच्या दप्तरांत टाकाऊ काय आणि न टाकण्याजोगें काय, हा प्रश्न कसकसा उत्पन्न होत गेला, त्याचा इतिहास आपल्यापुढें मांडतों.

आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर दोन वह्या असत. व्यवहार झाला कीं तो प्रथम कीर्दींत लिहावयाचा, ज्या क्रमानें घडला त्याच क्रमानें, एकाखालीं एक. मग सवडीनें तो ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत चढवावयाचा. अमक्याकडे आपलें किती येणें आहे हें खतावणी उघडली म्हणजे तत्काळ कळतें, पण तंटा उपस्थित झाला म्हणजे कीर्द काढतात. पेशवे दप्तर चाळणाऱ्यांना रोजकीर्दीचे रुमाल परिचयाचे आहेतच. याखेरीज मोठ्या पेढीच्या दाराशीं चौकीदार बसे. त्यानें वही ठेवली तर तींत कोण केव्हां आला, कोणत्या कोठीचें कुलूप उघडें राहिलें, रात्रीं कोठें खडखड झाली, असल्या गोष्टी यावयाच्या. धन्याच्या येण्यादेण्याशीं त्या वहीचा संबंध नाहीं. पण चोरी झाली म्हणजे पहिल्यानें तीच मागविली जाणार.

संगणकाच्या दप्तरांत या तीनही वह्या आहेत. मुख्य माहिती ही खतावणी. प्रत्येक फेरफाराची क्रमवार नोंद ही कीर्द. आणि यंत्र स्वतःच्या प्रकृतीविषयीं, चुकांविषयीं, येणाऱ्याजाणाऱ्यांविषयीं जें लिहून ठेवतें ती चौकीदाराची वही. दुर्दैवानें इंग्रजींत कीर्दीलाही आणि चौकीदाराच्या वहीलाही एकच नांव पडलें, तें म्हणजे लॉग. साऱ्या घोटाळ्याचें मूळ येथें आहे, म्हणून त्या शब्दाची कुळकथा थोडी सांगावयास हवी.

लॉग म्हणजे लांकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठीं खलाशी एक लांकडी फळी दोरीला बांधून समुद्रांत सोडीत. फळी पाव वर्तुळाच्या आकाराची असे आणि तिच्या गोल कडेला शिसें बसविलेलें असे, म्हणजे ती पाण्यांत उभी राही व जागची फारशी हलत नसे. जहाज पुढें जाई आणि दोरी उलगडत जाई. दोरीला ठराविक अंतरावर गांठी मारलेल्या असत. वाळूचें घड्याळ रिकामें होईपर्यंत किती गांठी हातांतून गेल्या तें मोजावयाचें. अठ्ठावीस सेकंदांचें घड्याळ असेल तर दोन गांठींतील अंतर ४७ फूट ३ इंच ठेवीत. जहाजाचा वेग आजही "नॉट"मध्यें, म्हणजे गांठींत, सांगतात तो यामुळें. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाच्या १५७४ सालच्या नौकानयनावरील पुस्तकांत या युक्तीचें वर्णन आढळतें. मोजलेला वेग, दिशा आणि वारा हीं प्रथम खडूनें पाटीवर लिहीत आणि नंतर पाटीवरून वहींत उतरवीत. तेंच लॉगबुक. वहींत उतरल्यावर पाटी पुसली तरी चाले. उतरण्यापूर्वीं पुसली तर तितका प्रवास हरवला. ही पाटी श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिची गरज लागेल.

पहिल्या संगणकांजवळही अशीच हातानें लिहावयाची वही असे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत तयार झालेल्या मार्क दोन या यंत्राच्या वहींत ९ सप्टेंबर १९४७ च्या पानावर, दुपारीं पावणेचारच्या नोंदीपाशीं, एक मेलेला पतंग चिकटविलेला आहे. यंत्राच्या एका रिलेंत अडकून त्यानें काम बंद पाडलें होतें. बिघाडाला "बग" म्हणण्याची चाल या पतंगामुळें पडली, अशी जी गोष्ट सांगतात ती मात्र खरी नव्हे. इंजिनियर मंडळींत तो शब्द एडिसनच्या काळापासून रूढ होता. या खेपेस खराच किडा सांपडला, एवढीच त्यांतील गंमत. ती वही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जपून ठेवली आहे. चौकीदाराची वही कायमची ठेवावी असें क्वचितच घडतें. तें येथें घडलें.

वही हातानें लिहिली जात होती तोंवर जागेचा प्रश्न कपाटापुरता होता. १९५६ च्या सप्टेंबरांत आयबीएम कंपनीनें रॅमॅक नांवाचें यंत्र जाहीर केलें, आणि तबकडीवर माहिती सांठविण्याचें युग सुरू झालें. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, सारें वजन टनाहून अधिक, आणि सांठवण पन्नास लक्ष अक्षरांची. आजच्या फोनमधील एखादें चांगलेंसें छायाचित्रही त्यांत मावणें कठीण. या यंत्राचें भाडें दरमहा ३,२०० डॉलर होतें. अशा भांडारांत प्रत्येक अक्षराला किंमत होती, आणि कोणी किती जागा अडवावी हा प्रश्न लौकरच भांडणाचा झाला.

तो भांडणाचा होण्याचें कारण असें कीं, एकच यंत्र अनेकांनीं एकाच वेळीं वापरण्याची तोड निघाली. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो यांनीं १९६१ च्या नोव्हेंबरांत अशी व्यवस्था करून दाखविली. सीटीएसएस हें तिचें नांव. अनेक माणसें एका यंत्रावर आलीं म्हणजे प्रत्येकाचे कागद निराळे ठेवणें आलें, प्रत्येकाला तबकडीवरील जागेचा व यंत्राच्या वेळेचा वांटा ठरवून देणें आलें, आणि हा मनुष्य खरोखर तोच आहे हें ओळखणें आलें. यासाठीं प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यांत आला. सगळ्यांचे परवलीचे शब्द एका फाईलींत जसेच्या तसे लिहिलेले होते. १९६२ सालीं ॲलन शेर या विद्यार्थ्याला त्याच्या वांट्याचे आठवड्याचे चार तास पुरेनात. फाईल छापून देण्याची विनंती यंत्राकडे नोंदवितां येई. त्यानें परवलीच्या फाईलीसाठींच ती नोंदविली आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं छापील यादी उचलून नेली. ही हकीकत त्यानें पंचवीस वर्षांनीं स्वतःच सांगितली.

त्याहून मोठी फजिती पुढें १९६६ च्या सुमारास झाली. यंत्राचे दोन कारभारी एकाच वेळीं काम करीत होते. एक वापरणाऱ्यांना दिसावयाची रोजची सूचना लिहीत होता, दुसरा परवलीची फाईल दुरुस्त करीत होता. लिहिण्याच्या साधनाची तात्पुरती फाईल एकाच नांवाची असे, कारण दोघे एकदम काम करतील हें कोणाच्या ध्यानींमनीं आलें नव्हतें. दोहोंची अदलाबदल झाली आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकासमोर सूचनेऐवजीं सर्वांचे परवलीचे शब्द छापून येऊं लागले. नांव एक आणि वस्तू दोन, हा घोटाळा संगणकाच्या इतिहासांत इतका जुना आहे. परवलीचा शब्द मूळ रूपांत लिहूनच ठेवूं नये, त्याचें उलट न फिरवितां येणारें रूपांतर तेवढें ठेवावें, हा धडा रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनीं १९७९ सालच्या निबंधांत सविस्तर मांडला, आणि त्यांत त्यांनीं या फजितीचा दाखलाही दिला.

आतां कीर्दीकडे वळूं. १९७० च्या जूनमध्यें, आयबीएमच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञानें एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या कोष्टकांत मांडावी आणि ती कोठें, कशी ठेवली आहे याची चिंता विचारणाऱ्यानें करूं नये, असा त्याचा मथितार्थ. त्या कल्पनेवर त्याच कंपनींत सिस्टिम आर हा प्रयोग उभा राहिला. कोष्टकें झालीं, प्रश्न विचारण्याची भाषा झाली. पण पैशाच्या व्यवहाराला तेवढें पुरेना. समजा, एका खात्यांतून शंभर रुपये वजा झाले आणि दुसऱ्यांत जमा होण्यापूर्वीं वीज गेली. शंभर रुपये गेले कोठें?

याचें उत्तर पेढीवरील मुनिमाला ठाऊक होतें. आधीं कीर्द, मग खतावणी. खात्याला हात लावण्यापूर्वीं काय फेरफार करावयाचा तें कीर्दींत लिहावयाचें आणि तें पान तबकडीवर पक्कें उमटल्याखेरीज "व्यवहार झाला" असें गिऱ्हाइकाला सांगावयाचें नाहीं. खात्यांतील प्रत्यक्ष फेरफार मागाहून, सवडीनें. यांत वेळही वांचतो. खतावणींतील पानें तबकडीवर दहा ठिकाणीं विखुरलेलीं असतात, कीर्द मात्र शेवटच्या ओळीखालीं पुढें लिहीत जावयाची असते. वीज गेली तर यंत्र पुन्हां सुरू होतांच कीर्द उघडतें, पुरे झालेले व्यवहार खात्यावर चढवितें आणि अर्धवट राहिलेले उलटवितें. ही कल्पना एकट्या कोणाची म्हणतां येणार नाहीं, पण तिला शास्त्राचें रूप देणाऱ्यांत जिम ग्रे यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. १९७८ सालच्या त्यांच्या टिपणांवर पुढची पिढी वाढली आणि १९९८ सालीं त्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. मद्रासच्या आयआयटींत शिकून अमेरिकेस गेलेल्या सी. मोहन यांनीं सहकाऱ्यांसह १९९२ सालीं एरीस या नांवानें कीर्द वाचण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचा प्रभाव पुढील अनेक दप्तर-यंत्रणांवर पडला आहे. ग्रे यांच्याविषयीं एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २८ जानेवारी २००७ रोजीं आईच्या अस्थि समुद्रांत सोडण्यासाठीं ते आपल्या शिडाच्या होडींतून एकटेच सॅन फ्रान्सिस्कोबाहेर गेले आणि परत आले नाहींत. हजारों लोकांनीं उपग्रहांचीं चित्रें चाळलीं. ना होडी सांपडली, ना तिची वही.

कीर्द अमर्याद वाढूं देतां येत नाहीं. म्हणून यंत्र ठराविक वेळानें बाकी काढतें, म्हणजे अमुक ओळीपर्यंतचे सारे फेरफार खतावणींत उतरले अशी खूण करतें. मग त्या ओळीमागील कीर्द टाकतां येते. जहाजावरील पाटीची आठवण येथें करावी. पण उतरवून घेणारी वही एकच असेल असें नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं ठेवलेला नक्कल सर्व्हर तीच कीर्द वाचून स्वतःची खतावणी तयार करीत असेल, तर त्याचें वाचून होईपर्यंत पाटी पुसतां कामा नये. हें ठरविण्याचा हक्क यंत्राचा. माणसानें बाहेरून हात घालून कीर्दीचीं पानें फाडलीं तर यंत्राला स्वतःचीच खात्री राहत नाहीं.

यावरून चौकीदाराची वही क्षुद्र, असा कोणी निष्कर्ष काढील. क्लिफर्ड स्टॉल यांची हकीकत त्याला उत्तर आहे. हे गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ. १९८६ च्या ऑगस्टमध्यें कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत त्यांना संगणकाच्या वापराचा हिशेब पाहावयास सांगितलें. प्रत्येक शास्त्रज्ञानें यंत्र किती वापरलें याची नोंद होत असे व त्याप्रमाणें आकारणी होई. त्या महिन्याच्या हिशेबांत पाऊण डॉलरचा, म्हणजे ७५ सेंटांचा, फरक निघाला. आमच्याकडे असा फरक आला तर हेडक्लार्क स्वखिशांतून भरून मोकळा होतो. स्टॉल यांनीं तो सोडला नाहीं. शोधतां शोधतां असें दिसलें कीं, कोणी परका मनुष्य प्रयोगशाळेच्या यंत्रांत शिरला आहे आणि एका साध्या सोयीच्या कार्यक्रमांतील छिद्रांतून तो सर्वाधिकारी होऊन बसला आहे. सर्वाधिकारी म्हणजे ज्याला कोणतेंही दार बंद नाहीं आणि जो चौकीदाराची वहीही खोडूं शकतो.

येथें स्टॉल यांची हुशारी दिसते. यंत्रांतील वही चोराच्या हातांत होती, तेव्हां त्यांनीं दुसरी वही चोराच्या हाताबाहेर ठेवली. सुट्टीच्या दिवसांत इतरांच्या टेबलांवरून मिळतील तेवढे छपाईयंत्र गोळा करून त्यांनीं ते बाहेरून येणाऱ्या तारांना जोडले. चोर जें जें टंकलिखित करी तें सारें कागदावर उमटे. कागद काय तो पुसूं शकत नव्हता. शिवाय दुर्बिणीपाशीं काम करणाऱ्याच्या सवयीनें तारीखवार टिपण हातानें लिहिलेलें होतेंच. महिनोन्‌महिने चाललेल्या या पाठलागाचें टोंक जर्मनींतील हानोव्हर शहरांत मार्कुस हेस या तरुणापाशीं निघालें. तो व त्याचे साथीदार ही माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकीत होते. १९९० सालीं त्यांना शिक्षा झाली. पाऊण डॉलरची ओळ कोणी जागा वांचविण्यासाठीं काढून टाकली असती तर यांतील कांहींच उघडकीस आलें नसतें.

सर्वाधिकाऱ्याची भीति सिस्टिम आरच्या मंडळींना आधींपासून होती. पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनीं १९७६ सालीं अधिकार देणें व काढून घेणें यांचे नियम मांडले. देणें सोपें आहे. पण समजा, रामरावांनीं गोविंदरावांना कोष्टक वाचण्याचा अधिकार दिला, गोविंदरावांनीं तो शामरावांना दिला, आणि मग रामरावांनीं गोविंदरावांचा अधिकार काढून घेतला. तर शामरावांचें काय? त्यांना दुसऱ्या कोणाकडून स्वतंत्रपणें तो मिळाला नसेल तर त्यांचाही गेला, हें उत्तर. वंशावळीच्या दाव्यासारखाच हा प्रकार आहे, आणि देण्याची दोन आज्ञापदें आजही त्याच नांवांनीं चालतात: ग्रँट आणि रिव्होक.

आतां तीन गठ्ठ्यांच्या गोष्टीकडे येतों. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत मायकेल स्टोनब्रेकर यांनीं १९८६ सालीं पोस्टग्रेस या प्रकल्पास आरंभ केला. आज पोस्टग्रेस-एसक्यूएल या नांवानें तें कोणासही विनामूल्य मिळतें आणि जगभर वापरांत आहे. मूळच्या रचनेंत कीर्द नव्हती. जुनी ओळ न पुसतां शेजारीं नवी लिहावयाची, अशी युक्ति होती. कीर्द आली ती २००१ सालच्या आवृत्तींत. तिला जो कप्पा दिला त्याचें नांव पीजी-एक्सलॉग. कोणता व्यवहार पुरा झाला व कोणता रद्द झाला, याची खूण ठेवण्याचा दुसरा कप्पा पीजी-क्लॉग. आणि चौकीदाराच्या वहीसाठीं पुढें आलेला कप्पा नुसता पीजी-लॉग. तीनही एकाच ठिकाणीं, शेजारींशेजारीं. पहिल्या दोहोंवर साऱ्या दप्तराचा प्राण अवलंबून. तिसरा आठवड्यानें रिकामा केला तरी चालेल. लाल फडकीं तीन आणि तिहींवर "जुनें दप्तर"!

व्हावयाचें तें झालें. रात्रीं तबकडी भरली, यंत्र थांबलें, खालून वरून विचारणा होऊं लागली, आणि घाबरलेल्या राखणदारानें पाहिलें तों "लॉग" नांवाचा कप्पा अफाट फुगलेला. लॉग म्हणजे किरकोळ नोंदी, असा सर्वत्र समज. त्यानें तो रिकामा केला. जागा झाली; पण दप्तर उघडेना, आणि कांहींचें तर कायमचेंच गेलें. अशा तक्रारी वर्षानुवर्षें येत राहिल्या. पुस्तिकेंत बजावून झालें, सभांतून सांगून झालें. शेवटीं ५ ऑक्टोबर २०१७ रोजीं निघालेल्या दहाव्या आवृत्तींत कर्त्या मंडळींनीं नांवेंच बदललीं. एक्सलॉगचें पीजी-वॉल झालें, क्लॉगचें पीजी-एक्सॅक्ट झालें, आणि लॉग हा शब्द एकट्या चौकीदाराच्या वहीला उरला. लोक या कप्प्यांना निरुपयोगी समजून पुसतात म्हणून हा बदल करीत आहों, असें त्यांनीं आवृत्तीबरोबरच्या निवेदनांत स्पष्ट लिहिलें. या फेरफारानें जगांतील कित्येकांचीं जुनीं साधनें मोडलीं व त्यांनीं कुरकुर केली. माझ्या मतें मंडळींचें चुकलें नाहीं. हें सोळा वर्षें आधीं व्हावयास हवें होतें, एवढेंच म्हणतां येईल.

त्याच आवृत्तींत आणखी एक शहाणपणाची गोष्ट झाली. पूर्वीं यंत्राची प्रकृति नीट पाहावयाची तर बहुधा सर्वाधिकाऱ्याची किल्ली लागे, आणि ज्याला केवळ पाहावयाचें त्याच्याही हातीं पुसण्याची शक्ति येई. आतां "पीजी-मॉनिटर" ही निराळी भूमिका निघाली. ती ज्याला दिली तो कोणता कप्पा केवढा झाला हें पाहूं शकतो, पण त्यांतील कागदाला हात लावूं शकत नाहीं. आमच्या शाळेंत तपासणीस येणारे साहेब असेच असत. शेरेबुकांत लिहीत, रजिस्टरांत नव्हे.

त्याच वर्षीं, ३१ जानेवारी २०१७ रोजीं, गिटलॅब या कंपनींत जें घडलें तें तिनें स्वतःच जगापुढें मोकळेपणानें मांडलें, म्हणून सांगतां येतें. त्यांचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक नक्कल. कामाचा बोजा एकाएकीं वाढला, नक्कल मागें पडली, आणि तिला जीं कीर्दीचीं पानें हवीं होतीं तीं मुख्य यंत्रानें तोंवर टाकून दिलीं होतीं. पाटी आधीं पुसली गेली होती. आतां नक्कल पुन्हां पहिल्यापासून करणें प्राप्त होतें. रात्र बरीच झालेली. दमलेल्या इंजिनियरनें नक्कल यंत्रावरील दप्तर रिकामें करण्याची आज्ञा दिली, ती मुख्य यंत्रावर. दोघांच्या नांवांत १ आणि २ एवढ्याच आंकड्याचा फरक होता. एकदोन सेकंदांत चूक त्याच्या ध्यानीं आली, पण सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं ४.५ उरले होते. रोजच्या दुय्यम प्रती शोधूं गेले तों त्या कित्येक दिवस होतच नव्हत्या. त्या होत नाहींत असें कळविणारीं पत्रें वाटेंतच अडविलीं जात होतीं. सुदैवानें त्याच इंजिनियरनें सहा तासांपूर्वीं दुसऱ्या कामासाठीं एक प्रत काढली होती, तिच्यावर निभावलें. मधल्या सहा तासांचे व्यवहार गेले ते गेलेच. त्या इंजिनियरला दोष देण्यास माझी जीभ वळत नाहीं. मीं तर दिवसाउजेडीं, पूर्ण जागेपणीं रद्दी विकली होती.

वही ठेवण्यांतही धोका आहे हें २०१८ सालीं दिसलें. ३ मे रोजीं त्या वेळच्या ट्विटर कंपनीनें आपल्या सर्व ३३ कोटी सदस्यांना परवलीचा शब्द बदलण्याची विनंती केली. शब्दाचें रूपांतर पुरें होण्यापूर्वींच तो मूळ रूपांत यंत्राच्या आंतल्या लॉगमध्यें लिहिला जात होता. मॉरिस व थॉम्पसन यांचा धडा पाळून खजिन्याला कुलूप घातलें होतें. चौकीदार मात्र प्रत्येकाची किल्ली पाहून तिचें चित्र आपल्या वहींत काढून ठेवीत होता. वही कोण वाचतो, हा प्रश्न वही किती मोठी झाली या प्रश्नाहून लहान नाहीं.

आतां माझ्या मुलीच्या त्या रात्रीची गोष्ट पुरी करतों. तिनें प्रथम केवळ पाहण्याचा अधिकार असलेल्या नांवानें आंत जाऊन कप्प्यांचीं मापें घेतलीं. चौकीदाराची वही बेताची होती; फुगली होती ती कीर्द. यंत्र रोजच्या रोज बाकी काढीत होतें, मग मागील पानें टाकीत कां नव्हतें? पोस्टग्रेसमध्यें कीर्द वाचणाऱ्या नक्कल यंत्राचें नांव नोंदवून ठेवण्याची सोय आहे. नोंदविलेल्या वाचकाचें वाचून होईपर्यंत मुख्य यंत्र एकही पान टाकीत नाहीं. तीन आठवड्यांपूर्वीं कोणीतरी एक नक्कल सर्व्हर बंद करून नेला होता आणि यादींतील त्याचें नांव खोडावयाचें राहून गेलें होतें. बिचारें मुख्य यंत्र त्या कधींच न येणाऱ्या वाचकासाठीं तीन आठवड्यांची कीर्द सांभाळून बसलें होतें. तिनें सहकाऱ्याला झोपेंतून उठवून तो सर्व्हर परत यावयाचा नाहीं याची खात्री करून घेतली, मग सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें आंत जाऊन यादींतील तेवढें एक नांव काढलें. कीर्दीच्या एकाही पानाला तिनें हात लावला नाहीं. पुढची बाकी निघतांच यंत्रानें आपणहून मागील पानें टाकलीं आणि भांडार निम्म्याच्या आंत आलें.

साडेअकराला ती पुन्हां पानावर येऊन बसली. आमटी गार झाली होती. ती मीं गरम करून आणली.